चंद्रावरचं मडगार्ड आणि डब्यावरचा चिकटा

गेल्या महिन्यात याच पानावर घरात कोणकोणत्या टेप असाव्यात ते लिहिलं होतं. ब्राउन टेप, काळी इन्सुलेशन टेप आणि ती जाड, करडी, आत कापडाची जाळी असलेली डक्ट टेप. शेवटी सहज एक वाक्य टाकलं, की या करड्या टेपने अंतराळात तीन माणसं जगवली आहेत. झालं! इन्सुलेशन टेपबद्दल एकानेही विचारलं नाही. सगळा गठ्ठा त्या एका वाक्यावर. तेव्हा या वेळी मिक्सर, गळका नळ आणि गॅसची शेगडी यांना सुट्टी.

नव्या वाचकांसाठी आधीच सांगते, मी रॉकेटवाली नाही. भोसरीच्या एका कारखान्यात २२ वर्षं वायर हार्नेस (तारांचे बांधलेले जुडगे) आणि सर्किट बोर्डाच्या लाइनवर होते, शेवटची ९ वर्षं लाइन सुपरवायझर. टेप हा माझ्या पोटापाण्याचा विषय. अंतराळ हे नंतर लागलेलं वेड.

प्रश्न : ताई, मुलगा आठवीत आहे. तो म्हणतो, अपोलो १३ मधले लोक टेपमुळे वाचले. माझे वडील म्हणतात, असल्या अमेरिकन थापा आम्ही खूप ऐकल्या. घरात दोन तट पडलेत आणि मी मध्ये. काय ते सांगा.
— एक वाचक, इस्लामपूर

आजोबांना सांगा, थाप नाही. आणि चिरंजीवांना सांगा, नुसत्या टेपने काही झालं नाही.

११ एप्रिल १९७० ला अपोलो १३ हे अमेरिकेचं यान चंद्राकडे निघालं. आत जिम लव्हेल, जॅक स्विगर्ट आणि फ्रेड हेझ. दोन दिवसांनी, पृथ्वीपासून सुमारे ३ लाख २० हजार किलोमीटरवर, ऑक्सिजनची एक टाकी फुटली. मुख्य यान बंद करावं लागलं आणि तिघं चंद्रावर उतरण्यासाठी बरोबर घेतलेल्या ‘अ‍ॅक्वेरियस’मध्ये जाऊन बसले. ते यान दोन माणसांचं, दोनेक दिवसांपुरतं. इथे माणसं तीन आणि दिवस चार. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात ना, तसला तेरावा.

श्वास घ्यायला ऑक्सिजन पुरेसा होता. गाडी अडली ती सोडलेल्या श्वासावर. बंद जागेत कार्बन डायऑक्साइड साठत जातो, डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस जातो. तो शोषून घ्यायला लिथियम हायड्रॉक्साइड भरलेले डबे असतात. अ‍ॅक्वेरियसमधले डबे गोल. ते संपत आलेले. मुख्य यानात डबे होते, पण चौकोनी. दोन यानं दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवली होती आणि एकाचा डबा दुसऱ्यात बसायला हवा हे कुणाला सुचलं नव्हतं. एका कंपनीच्या कुकरवर दुसऱ्या कंपनीचं झाकण बसवायचा खटाटोप ज्यांनी केलाय, त्यांना मी आणखी काय सांगू.

ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रात एड स्मायली नावाच्या इंजिनिअरच्या टोळीने यानात जे आहे तेवढंच टेबलावर मांडलं. चंद्रावर सूटखाली घालायच्या, पाण्याच्या नळ्या असलेल्या अंतर्वस्त्रांच्या प्लास्टिक पिशव्या, सूचनांची जाड पुठ्ठ्यासारखी कार्डं, स्पेससूटच्या हवेच्या नळ्या, मोजे आणि करड्या टेपचं रीळ. बाजारातून आणलेलं काही नाही. त्यातून त्यांनी आधी स्वतः एक डबा जोडून, चालवून पाहिला आणि मग कृती वर वाचून दाखवली. वाचणारा जो कर्विन. स्वतः अंतराळवीर आणि पेशाने डॉक्टर.

आता जवळून बघा, कारण हा माझा आवडता भाग आहे. कृती सांगते, टेपच्या दोन पट्ट्या तोडा, प्रत्येकी तीन फूट, म्हणजे लांब केलेल्या पुऱ्या हाताएवढी. फूटपट्टी कुठे शोधणार? हात प्रत्येकाजवळ असतो. आमच्याकडे नव्या मुलीला वायर मोजायला शिकवताना मी हेच करायचे, ‘नाकापासून बोटापर्यंत धर, मग तोड.’ पुढे, या पट्ट्या चौकोनी डब्याला कमरपट्ट्यासारख्या गुंडाळा, एक वर, एक खाली, आणि चिकट बाजू बाहेर ठेवून. चिकट बाजू बाहेर! घरातला प्रत्येक माणूस ती आतच लावेल. पण इथे डब्यावर वरून पिशवी चढवायची होती आणि ती पट्ट्यांना सगळीकडून घट्ट चिकटून हवाबंद व्हायला हवी होती. वरून पिशवी दाबली, मग तिच्यावर पुन्हा टेप. पंख्याच्या ओढीने पिशवी आत चिपकून हवेची वाट बंद होऊ नये म्हणून कार्ड कमानीसारखं वाकवून आत बसवलं, टोपलीवर फडकं ताणताना खाली काडी घालतो तसं. डब्याच्या बुडाला एक भोक होतं, त्यात मोज्यासारख्या कापडाचा बोळा. पिशवीला भोक पाडून त्यात सूटची नळी, पुन्हा टेप.

तासाभराचं काम. असले दोन केले. आकार टपालपेटीसारखा, म्हणून नाव पडलं ‘मेलबॉक्स’. लावल्यावर कार्बन डायऑक्साइडचा काटा झरझर खाली आला. १७ एप्रिलला तिघं समुद्रात सुखरूप उतरले.

आजोबांसाठी एक पुरवणी. अ‍ॅक्वेरियस बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने नंतर मुख्य यान बनवणाऱ्या कंपनीला गंमत म्हणून बिल पाठवलं, तुमची बंद पडलेली गाडी टोचन करून आणल्याचं! पहिला मैल ४ डॉलर, पुढचा प्रत्येक मैल १ डॉलर, शिवाय बॅटरी चार्ज करून दिल्याचे वेगळे. एकूण ३ लाख डॉलरच्या वर. टेपचे पैसे मात्र लावले नव्हते.

प्रश्न : माझ्या स्कूटरचं मागचं मडगार्ड तडकलंय. टेप लावतो, दोन दिवसांत सुटते. मित्र म्हणतो, चंद्रावरच्या गाडीचं मडगार्ड टेपने जोडलं होतं. हवा नसताना टेप चिकटतेच कशी? आणि तिथे चिकटते तर सोलापुरात का नाही?
— एक स्कूटरवाला, सोलापूर

हवेचं आधी. भिंतीला लावायचा रबरी वाटीचा हूक हवेच्या दाबावर धरून असतो. तो चंद्रावर पडेल. टेपचं तसं नाही. तिचा चिकटा मऊ असतो, दाबल्यावर समोरच्या पृष्ठभागाच्या बारीक खाचाखोचांत शिरतो आणि तिथे धरून राहतो. त्याला हवा लागत नाही. लागतो तो स्वच्छ पृष्ठभाग. आणि म्हणून, तुमच्या मित्राला कळवा, चंद्रावरही टेप सुटलीच होती.

डिसेंबर १९७२, अपोलो १७. चंद्रावरच्या टॉरस-लिट्रो नावाच्या खोऱ्यात अंतराळवीर जीन सर्नन आणि भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट. सर्ननच्या पायाच्या खिशात हातोडा होता. गाडीजवळून जाताना तो हातोडा उजव्या मागच्या मडगार्डला अडकला आणि त्याचा पुढे आलेला तुकडा निघून पडला. तुम्ही म्हणाल, त्यात काय, आमच्याकडे अर्ध्या गाड्यांना मडगार्डच नसतं. पण इथे चाकाने उडवलेली धूळ हवेत अडते, विरते. तिथे हवाच नाही. प्रत्येक कण फेकलेल्या दगडासारखा कमान करून वर जातो आणि सरळ चालवणाऱ्याच्या डोक्यावर येतो. कमी गुरुत्वामुळे कमानही मोठी. आणि ती धूळ म्हणजे आपली माती नव्हे. वाऱ्यापाण्याने कधी न घासलेली, काचेच्या भुकटीसारखी धारदार. काळपट, म्हणून ऊन पिते. बॅटरीच्या थंडाव्याच्या आरशांवर बसली की बॅटरी तापते, सुटावर बसली की माणूस.

सर्ननने करडी टेप काढली आणि तुकडा चिकटवायला गेला. फुगलेल्या जाड हातमोज्यांत टेपचं टोक शोधायचं! आपल्याला उघड्या नखांनी सापडत नाही. कसंबसं लावलं. पण टेपवर आधी धूळ चिकटली आणि मग टेपला चिकटायला जागाच उरली नाही. थोडं अंतर जाईपर्यंत तुकडा गळून पडला.

त्या रात्री ह्यूस्टनमध्ये अंतराळवीर जॉन यंग आणि मंडळी कामाला लागली. यंगला या विषयाचा अनुभव दांडगा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, अपोलो १६ च्या वेळी, त्याने स्वतः धक्का लागून असंच मडगार्ड पाडलं होतं! सकाळी वर निरोप गेला. चार जाड नकाशे घ्या, यानाच्या आत, हातमोजे काढून, एकमेकांना टेपने जोडा, मोठा पुठ्ठा करा. बाहेर नेऊन तो मडगार्डच्या जागी ठेवा. पण गाडीला टेप लावू नका. यानातल्या दिव्याचे दोन चिमटे काढा आणि त्यांनी आवळा. टेप फक्त कागदाला कागद जोडायला, स्वच्छ जागी, उघड्या हातांनी. धुळीच्या जागी चिमटा.

ते टिकलं. उरलेले दोन दिवस गाडी त्यावर फिरली. सर्ननने तो नकाशांचा पुठ्ठा परत आणला आणि तो आज वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये आहे.

आता तुमची स्कूटर. मडगार्डच्या आतल्या बाजूला बोट फिरवा, बोट काळं होईल. तीच तुमची चंद्राची धूळ, वर रस्त्यावरचं ऑइल. आधी साबणाने धुवा, वाळवा, मग थिनरने किंवा स्पिरिटने पुसा, मग बोट न लावता टेप. तरीही महिनाभरच टिकेल. प्लास्टिकला दोन भोकं पाडून केबल टाय ओढा. चिमट्याचं काम चिमट्याने.

प्रश्न : डक्ट टेप की डक टेप? बदकाचा काय संबंध?
— एक भाषाप्रेमी वाचक, कोल्हापूर

दोन्ही चालतात आणि बदकाचा बादरायण संबंध आहे. ‘डक’ नावाचं जाडं सुती कापड असतं, तंबूचं, कॅनव्हासच्या जातीचं. शब्द मूळचा डच. त्या कापडाची पट्टी म्हणून डक. पुढे एसीच्या पत्र्याच्या डक्टवर वापरू लागले म्हणून डक्ट, आणि पत्र्याला शोभावी म्हणून रंग चंदेरी. गंमत म्हणजे खऱ्या डक्टच्या कामाला ही टेप फारशी चांगली नाही. गरम हवेने चिकटा वाळतो.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. ही टेप आली एका लाइनवरच्या बाईमुळे. वेस्टा स्टाउट. अमेरिकेत इलिनॉयमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काडतुसांच्या खोक्यांचं पॅकिंग आणि तपासणी करायची. दोन मुलं नौदलात. खोकी कागदी टेपने बंद करून मेणात बुडवायची आणि टेपचं एक टोक ओढायला बाहेर ठेवायची. ते टोक ओढलं की कागद फाटून हातात यायचा. समोरून गोळ्या येत असताना सैनिक नखाने खोकं खरवडत बसणार! तिने सुचवलं, कापडाची, पाणी न शिरणारी टेप लावा. वरिष्ठांनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. बाईने फेब्रुवारी १९४३ मध्ये चित्र काढून, पत्र लिहून ते थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पाठवलं. पत्र पुढे सरकलं, सूचना मान्य झाली आणि जॉन्सन अँड जॉन्सनने टेप बनवली.

मी सुपरवायझर होते तेव्हा एका मुलीने सांगितलं होतं, की रिळाच्या पेटीचं झाकण उलट्या बाजूने उघडलं तर हात कमी दुखेल. मी म्हटलं, ‘बघू.’ दोन वर्षं बघितलं नाही. स्टाउटबाईंची गोष्ट मी निवृत्त झाल्यावर वाचली.

प्रश्न : विमानाने नेवार्कहून मुंबईला येताना पंखावर चक्क चंदेरी टेपच्या पट्ट्या दिसल्या. १५ तास राम राम म्हणत बसले. बरोबर केलं ना?
— एक आजी, मुक्काम एडिसन, न्यू जर्सी

रामनाम कधीही बरोबर. पण ती डक्ट टेप नव्हती. तिला ‘स्पीड टेप’ म्हणतात, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची, वर कडक चिकटा. दिसायला भावंडं, किमतीला राजा आणि रंक. ती कुठे लावायची, किती लावायची, किती दिवस ठेवायची याची लेखी परवानगी असते आणि नोंद होते. पंख मोडला म्हणून नाही लावत. रंग उडाला, फटीतलं सील निघालं, असल्या वरवरच्या कामाला लावतात. बोइंग ७८७ चे पंख कार्बन फायबरचे, त्यावरचा रंग उन्हाने सुटतो. त्या विमानांवर अशी ठिगळं बरेचदा दिसतात.

मला लावलेल्या टेपची भीती नाही वाटत, आजी. काढायची राहिलेल्या टेपची वाटते. २ ऑक्टोबर १९९६ ला पेरूच्या एका प्रवासी विमानाला धुताना हवेचा दाब मोजणारी छिद्रं टेपने झाकली होती आणि ती टेप काढायची राहिली. रात्री समुद्रावर वैमानिकांना उंची आणि वेग दोन्ही खोटे दिसत होते. ७० माणसं गेली.

आमच्या लाइनवर बोर्ड वितळलेल्या सोल्डरच्या, म्हणजे जोडाच्या धातूच्या, लाटेवरून जाण्याआधी सोनेरी पट्टीचे पिन टेपने झाकायचे आणि नंतर टेप काढायची. एकदा ४० बोर्डांची पेटी टेपसकट गिऱ्हाइकाकडे गेली. फक्त शिव्या खाल्ल्या. त्यानंतर मी नियम केला, टेप फेकायची नाही. काढलेली प्रत्येक पट्टी पाटीवर चिकटवायची, शेवटी पट्ट्या आणि बोर्ड मोजायचे. विमानांना आणि उपग्रहांना लाल फिती लटकवलेल्या असतात, ‘उड्डाणापूर्वी काढा’ लिहिलेल्या. त्या फितींचा अर्थ मला पाटीवरच्या पट्ट्या मोजताना कळला.

प्रश्न : चांद्रयान-३ च्या लँडरला खरं सोनं लावलं होतं का? आमच्या बाई हो म्हणाल्या.
— इयत्ता सहावी, पणजी

बाईंना रागावू नकोस, दिसतं तसंच. पण ते सोनं नाही. कॅप्टन नावाचं प्लास्टिक असतं (लढाईतला नव्हे), स्पेलिंग वेगळं म्हणून काही जण ‘काप्टन’ म्हणतात. पॉलिइमाइड जातीचं, मूळ रंग मधासारखा पिवळा. त्याच्या पाठीला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ मुलामा दिला की समोरून सोन्यासारखं चमकतं. असे थरावर थर घालून यानासाठी गोधडी शिवतात, उन्हात तापू नये आणि सावलीत गोठू नये म्हणून.

त्याचीच टेप निघते आणि तीच माझी २२ वर्षांची सोबतीण, बोर्डावर लावायची ती. उणे २६९ अंशांपासून ४०० अंशांपर्यंत हे प्लास्टिक टिकतं. सोल्डरच्या लाटेतून जाऊन आली तरी काढताना खाली डाग नाही. पहिल्या महिन्यात मी वाया गेलेला एक तुकडा टिकलीसारखा कापून कपाळाला लावला होता. सुपरवायझरने पाहिलं आणि म्हणाले, ‘ताई, या टिकलीची किंमत माहीत आहे?’

यानात ही टेप का आणि डक्ट टेप का नाही, हेही ऐकून ठेव. नव्या मोटारीच्या काचेवर आतून धुरकट थर येतो, पाहिलास का? प्लास्टिकमधून निघालेली वाफ तिथे बसते. अवकाशातल्या निर्वात जागेत ही वाफ जास्त निघते आणि दुर्बिणीच्या काचेवर जाऊन बसते. म्हणून परीक्षा घेतात. वस्तू निर्वात पेटीत १२५ अंशांवर २४ तास ठेवायची. वजन १ टक्क्याहून जास्त घटता कामा नये आणि बाजूच्या थंड पत्र्यावर ०.१ टक्क्याहून जास्त थर जमता कामा नये. म्हणून डक्ट टेप असते ती आत, माणसं राहतात तिथे. बाहेर सोनेरी.

आणखी एक. मंगळावर उडालेल्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरच्या सोलर पॅनेलखाली, एका वायरभोवती, टपालाच्या तिकिटाएवढं कापड टेपने गुंडाळलेलं आहे. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाच्या पंखाचं. ही गोष्ट बाईंना सांग.

प्रश्न : अंतराळ स्थानकाला भोक पडलं तर टेप लावून भागेल का? की हवा टेप उडवून देईल?
— एक पंक्चरवाला, चिपळूण

तुम्हीच याचं उत्तर द्यायचं खरं तर. ऑगस्ट २०१८ मध्ये स्थानकाला जोडलेल्या रशियाच्या सोयूझ यानात साधारण २ मिलिमीटरचं भोक सापडलं. रात्री जमिनीवर कळलं की दाब हळू घटतोय, पण वेग इतका कमी की मंडळींना झोपू दिलं. सकाळी शोध. अंतराळवीर अलेक्झांडर गेर्स्टने सरळ बोट ठेवलं. खालून निरोप आला, बोट हा काही कायमचा इलाज नव्हे. मग सोनेरी टेप, मग कापडावर इपॉक्सी लावून पक्कं केलं. इपॉक्सी म्हणजे आपल्या एम-सीलचं घराणं.

हिशेब करा. २ मिलिमीटर व्यासाचं भोक म्हणजे तीन चौरस मिलिमीटरहून जरा जास्त. एका वातावरणाच्या दाबाने त्यावर सुमारे ३२ ग्रॅमचा भार येतो, बेताच्या लिंबाएवढा. बोट जात नाही की बोटाला काही होत नाही. आणि मुख्य म्हणजे टेप आतून लावलेली. आत हवा, बाहेर काही नाही. म्हणजे हवाच टेपला भिंतीवर दाबून धरते. ट्यूबलेस टायरमध्ये तुम्ही आतून छत्रीचा पॅच लावता तेव्हा तेच. बाहेरून लावली असती तर हवेने ढकलून काढली असती.

प्रश्न : ताई, टेपची आरती पुरे. फसल्याची उदाहरणं द्या.
— एक निवृत्त अभियंता, नागपूर

घ्या दोन.

एप्रिल १९८५. डिस्कव्हरी शटलने एक दळणवळण उपग्रह सोडला आणि तो जागाच झाला नाही. वाटलं, बाजूची खटक्याची कळ पुरती सरकली नसेल. मग यानातल्या पुस्तकांची प्लास्टिकची कव्हरं कापून, टेपने जोडून, माशी मारायची जाळी बनवली. नावही तेच, ‘फ्लायस्वॉटर’. दोन अंतराळवीर ठरलेलं नसताना बाहेर गेले आणि ती यांत्रिक हाताच्या टोकाला बांधून आले. आतून अंतराळवीर री सेडनने हात चालवून कळ अडकवली, ओढली, सगळं बिनचूक. उपग्रह ढिम्म. बिघाड कळीत नव्हताच, आतल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये होता. ऑगस्टमध्ये दुसरी तुकडी जाऊन त्याला रीतसर दुरुस्त करून आली. टेप पास, निदान नापास.

दुसरं आमच्या धंद्यातलं. २०२३ मध्ये बोइंगच्या स्टारलायनर या अंतराळयानात लक्षात आलं की वायर घासू नयेत म्हणून हार्नेसवर गुंडाळलेली पी-२१३ नावाची टेप काही परिस्थितीत पेट घेऊ शकते. एक किलोमीटरहून जास्त टेप उलगडून काढली, जिथे काढता येईना तिथे वरून दुसरं आवरण चढवलं. मग जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर त्यातून गेले. लावलेल्या हार्नेसवरून, वायरचं आवरण न सोलता, टेप काढायची म्हणजे काय असतं ते मी एकदा सहा मीटरसाठी केलंय. दोन दिवस लागले आणि तिसऱ्या दिवशी मी रजा टाकली.

प्रश्न : क्रिकेटची मॅच लागली की आमचे ‘हे’ आरडाओरडा करून घर डोक्यावर घेतात. डक्ट टेपचा काही उपयोग?
— एक त्रस्त, ठाणे

अधिकृत आहे. २००७ साली बातमी आली होती, की नासाच्या सूचनांमध्ये एखाद्या सहकाऱ्याचं डोकं फिरलं तर काय करायचं ते लिहून ठेवलेलं आहे. मनगटं आणि घोटे डक्ट टेपने बांधायचे, मग लवचिक दोरीने जखडायचं, लागलं तर गुंगीचं औषध. आणि बांधताना काय चाललंय ते त्याला समजावून सांगत राहायचं. शेवटची पायरी घरी आधी करून पाहा. आणि केसाळ हातांवर लावणार असाल तर काढायला मला बोलावू नका.

प्रश्न : स्टीलच्या डब्यावर नावाची पट्टी चिकटवली होती. ती निघाली, पण चिकटा राहिला. घासणीने चरे पडतात. काय करू?
— एक गृहिणी, कुडाळ

अखेर एक माझ्या खात्यातला प्रश्न! खोबरेल तेल लावा, अर्धा तास विसरून जा. मग बोटाने गोल गोल चोळा, चिकट्याच्या शेवया निघतात. राहिलं तर तेलात चिमूटभर खायचा सोडा कालवून पुन्हा. मग गरम पाणी आणि भांड्याचा साबण. रॉकेल नको, डब्यात पोहे ठेवायचेत तुम्हाला. आणि नवी पट्टी लावण्याआधी तेलाचा अंश राहिला नाही ना, बघून घ्या, नाहीतर आठ दिवसांत तिचा सोलापूर होईल.